हक्क राखून जेवणारे साडू

माझ्या साडूंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट बिनशर्त मान्य केलेली नाही. त्यात त्यांचं स्वतःचं लग्नही आलं. कन्यादानाच्या वेळी गुरुजींनी ‘नातिचरामि’ म्हणायला सांगितलं, तेव्हा पहिल्या खेपेलाच हे थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, यात माणसाच्या हाताबाहेरच्या परिस्थितीचा अपवाद धरलाय का?” गुरुजींनी त्या वेळपर्यंत शेकडो लग्नं लावली असतील, पण हा प्रश्न त्यांना नवा होता. त्यांनी माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मांडवाच्या छताकडे पाहिलं. शेवटी ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मुंडावळ्या सावरत म्हणाली, “आता म्हणून टाका, वाटाघाटी घरी गेल्यावर करू.” त्या वाटाघाटी अजून चालू आहेत.

साडू वकील आहेत, पण नाशिकच्या कोर्टात त्यांना कोणी ओळखत नाही, कारण ते तिथे जात नाहीत. ते लवादाची कामं करतात, आणि तीही देशोदेशींची. दोन कंपन्या एकमेकींच्या देशात जाऊन पूल, बोगदे, बंदरं बांधतात, काम चालू असतानाच भांडतात, आणि कोणाच्याच देशातल्या कोर्टात जायला नको म्हणून तीन शहाणी माणसं पंच नेमून त्यांच्यापुढे भांडण मांडतात. ते मांडणारे हे. आम्ही दोघं राहतो त्या इंदिरानगरात मात्र लवाद म्हटलं की लोकांना बांधावरचं भांडण आठवतं. त्यामुळे त्यांच्याकडे कोणी भावाभावांतल्या वाटणीची तक्रार घेऊन येतं, कोणी गच्चीत गळणाऱ्या टाकीची. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं बघत होते तेव्हा एका स्थळाच्या मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “वकील म्हणता, पण कोर्टात जात नाहीत. म्हणजे सनद काढून घेतली की काय?”

लवादाच्या धंद्यात थाट फार. मी निवृत्त कॉलेजमास्तर, इंग्रजी शिकवत असे. थाट कॉलेजातही पुष्कळ पाहिला, पण तो आपल्याच शालीत गुंडाळलेला असायचा. इथला थाट व्हिजिटिंग कार्डावर असतो. या मंडळींच्या कार्डावर एका ओळीत चार-पाच शहरं लिहिलेली असतात. त्यांतल्या दोन शहरांत फक्त एक टपालपेटी असते. साडूंच्या कार्डावर एकच पत्ता: इंदिरानगर, नाशिक. मुंबईच्या एका मोठ्या वकिलांनी त्यांना प्रेमाने समजावलं, “अहो, नुसतं ‘मुंबई’ एवढं वर टाका. जागा माझी वापरा. मोठे पक्षकार नाशिक वाचून बिचकतात.” साडू म्हणाले, “जे पत्ता वाचून बिचकतात, ते पुढे करार वाचून काय करतील?” आणि कार्डं पुन्हा तशीच छापून आणली. या वेळी नाशिक जरा मोठ्या अक्षरात.

त्यांचं ऑफिस एका पिठाच्या गिरणीच्या वर आहे. पडद्यावरून सुनावणी चालू असली की मागे गिरणीचा घरघराट असतो. एकदा लंडनच्या पंचांनी विचारलं की तुमच्याकडे वादळ वगैरे आलंय का. साडूंनी उत्तर दिलं की नाही, बाजरी आहे. गिरणीवाल्याला तासभर थांबायला सांगा, असं मी सुचवलं तर माझ्यावरच चिडले. “त्याचं पोट दळण्यावर आहे, माझं बोलण्यावर. त्याने का थांबायचं?” पडद्यावर माणूस कमरेपर्यंतच दिसतो म्हणून बाकीचे वकील खाली काय घालून बसतात हे जगाला ठाऊक आहे. आमचे साडू मात्र इस्त्रीची पॅंट, मोजे आणि पॉलिश केलेले बूट घालून बसतात. मी विचारलं, “कोणाला दिसतात?” ते म्हणाले, “दिसत नाहीत. आवाजात कळतात.”

पण त्यांची खरी ओळख म्हणजे राखून ठेवलेले हक्क. लवादातल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘आमचे सर्व हक्क राखून’ असं लिहायची रीत आहे. त्याचं कारण असं, की समोरच्याने काही वावगं केलं आणि तुम्ही त्याच वेळी हरकत घेतली नाहीत, तर ते तुम्हाला चाललं असं धरतात. नंतर कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. ही रीत इतर वकील पत्रापुरती पाळतात. साडूंनी ती अंगात मुरवून घेतली. ते रिक्षाचं भाडं देतात, पण निषेध नोंदवून. केस कापून घेतात, पण कानामागच्या भागाबद्दल हरकत घेऊन. जेवायला बसले की ताईला म्हणतात, “आमटी उत्तम. मिठाबाबतचे हक्क राखून.” माझी बायको त्यांना दाजी म्हणते. तिने एका दिवाळीला त्यांना स्वेटर विणून दिला, तर घालून, आरशात पाहून म्हणाले, “छान आहे. तूर्त स्वीकारतो.” ती अजून अधूनमधून विचारते, “दाजी, स्वेटरचं काय ठरलं?”

दुसरी ओळख म्हणजे त्यांचं घड्याळ. या सुनावण्यांमध्ये बुद्धिबळाच्या घड्याळाचा नियम चालतो. दोन्ही बाजूंना सारखा वेळ मिळतो. जो बोलतो त्याचा काटा पळतो, आणि ज्याचा वेळ संपला त्याने खाली बसायचं, मग तो कितीही मोठा वकील असो. साडूंना हा नियम इतका आवडला की त्यांनी लाकडी चौकटीतलं, दोन तबकड्यांचं, आपल्या बाजूची कळ दाबली की समोरच्याचा काटा सुरू होणारं जुनं घड्याळ विकत आणलं आणि घरीदारी वापरायला सुरुवात केली. आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून दोन तट पडले होते. साडूंनी घड्याळ टेबलावर ठेवलं. अध्यक्षांचे मेहुणे बोलायला उभे राहिले, आणि ‘सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय ज्येष्ठ नागरिक, उपस्थित माताभगिनी’ इथपासून ते मागच्या वर्षीच्या वृक्षारोपणापर्यंत पोचले तोवर त्यांच्या बाजूचा वेळ संपला. टाकी हा शब्द त्यांना उच्चारताच आला नाही. ठराव उलट्या बाजूने पास झाला आणि साडूंना पुढच्या सभेपासून घड्याळ आणायला बंदी झाली. ती बंदी त्यांनी निषेध नोंदवून पाळली.

घरात मात्र त्या घड्याळाला ताईने नमवलं. नवराबायकोच्या भांडणात साडू आपला वेळ मुद्देसूद वापरायचे. मग त्यांनी कळ दाबून ताईला पाळी दिली की ती काहीही न बोलता त्यांच्याकडे बघत बसायची. तिचा काटा टिकटिकत पळायचा. नियमाप्रमाणे मध्ये बोलायची साडूंना सोय नाही. “अगं, काहीतरी म्हण की,” असं ते अखेर काकुळतीला येऊन म्हणायचे. ताई म्हणायची, “वेळ माझा आहे.” या युक्तिवादापुढे साडू एकदाही जिंकलेले नाहीत.

एकदा आम्ही दोन्ही कुटुंबं त्र्यंबकेश्वरला अभिषेकाला गेलो होतो. देव-धर्म या विषयावर साडूंनी आपले हक्क पूर्वीच राखून ठेवलेले. पण गुरुजींनी संकल्प सोडायला सुरुवात केली आणि हे सावरून बसले. अमुक देशात, गोदावरीच्या अमुक तीरावर, अमुक संवत्सरात, अमुक तिथीला, अमुक गोत्राचा अमुक मनुष्य, अमुक हेतूने. परतीच्या वाटेवर गाडीत ते नुसते फुलून आले होते. “याला म्हणतात मसुदा! स्थळ, काळ, पक्षकार, उद्देश, सगळं पहिल्याच वाक्यात. आणि बघा साडू, स्थळ सर्वांत आधी. कुठे बसून बोलतोय हे सांगितल्याशिवाय देवसुद्धा ऐकून घेत नाही.” मी तेव्हा हसलो होतो. पुढे अण्णांचं प्रकरण आलं तेव्हा ते वाक्य मला आठवलं.

लवादातलं सगळं गुप्त असतं, म्हणून इथे कोणाचंही नाव घेत नाही. अण्णांनी लिहायला परवानगी दिली आहे. साडूंनीही दिली, कशी ते सांगायला नको. अण्णा म्हणजे नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीतले एक कारखानदार. मूळचे दिंडोरीकडचे, घरी भाजीपाला आणि द्राक्षं. हे मात्र तरुणपणीच लोखंडाकडे वळले. त्यांच्या शेडमध्ये पुलाच्या मोठमोठ्या पोलादी तुळया जोडल्या जातात. युरोपातल्या एका कंपनीने आफ्रिकेतल्या एका देशात पूल बांधायला घेतला आणि तुळयांचं काम अण्णांना दिलं. तुळया उशिरा गेल्या. एका जोडाला चीर सापडली. तिथवर रोजचंच भांडण होतं. पण कंपनीने पुढे जाऊन असा आरोप केला की जोड तपासल्याची जी प्रमाणपत्रं अण्णांनी पाठवली, ती सगळी बनावट आहेत. तपासणी झालीच नाही. हे खरं ठरलं असतं तर अण्णांना आयुष्यात पुन्हा कोणी खिळा सुद्धा ठोकायला दिला नसता.

साडूंच्या ऑफिसात अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांच्या कारखान्यातला मराठी पत्रव्यवहार इंग्रजीत करून द्यायला साडूंनी मला बोलावलं होतं, आणि त्याआधी माझ्याकडून गुप्ततेचा कागद लिहून घेतला होता. (“साडू असलात तरी?” असं मी म्हटलं. “साडू आहात म्हणूनच,” ते म्हणाले.) अण्णा खुर्चीत टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “वकीलसाहेब, मला लय काय नको. मला खोटारडा म्हणायचं ना त्यांना? मग माझ्या गावात यावं, माझ्या समोर बसावं, अन् तोंडावर म्हणावं. कागदावर नाय.”

गंमत अशी, की तशी सोय करारात होती. लवादाचं कलम करारात सर्वांत शेवटी येतं. तोवर सगळे दमलेले असतात, जेवणं खोळंबलेली असतात, आणि नव्या दोस्तीच्या भरात भांडणाचा विचार कोणाला नको असतो. त्यामुळे ते कलम कोणी धड वाचत नाही. अण्णांनीही बाकी काही वाचलं नव्हतं. पण शेवटी ‘सुनावणीचं ठिकाण’ याच्यापुढे सिंगापूर दिसलं तेव्हा ते म्हणाले होते, “माझ्या बायकोला अर्धांग झालंय. तिला संध्याकाळी मीच भरवतो. भांडण झालंच तर नाशिकला यायचं.” समोरचे साहेब हसले, आपलं कुठे भांडण होणार आहे म्हणाले, आणि सिंगापूर खोडून नाशिक लिहिलं.

आता त्यांना नाशिक नको झालं. त्यांच्या वकिलांचं लांबलचक पत्र आलं: नाशिकला थेट विमानं पुरेशी नाहीत, सुनावणीला साजेशा सुविधा नाहीत, सर्वांच्या सोयीसाठी सिंगापूरला बसावं. पंचांच्या अध्यक्ष एक बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनीही सौम्यपणे सुचवलं की एवढ्यासाठी अडून बसू नये. मुंबईच्या त्या मोठ्या वकिलांचा फोन आला, “पंचांना पहिल्याच दिवशी नाराज करायचं नसतं हो. घ्या सिंगापूर.” साडूंनी उत्तर लिहिलं. ते मी स्वतः वाचलं आहे. त्यात म्हटलं होतं की, ज्या गावात कुंभमेळा भरतो त्या गावाला अकरा वकिलांची व्यवस्था जमेल अशी आमची नम्र समजूत आहे. सिंगापूरबद्दल आम्हाला आदरच आहे, पण करारात त्याच्यावर काट मारलेली आहे. खाली अर्थातच, आमचे सर्व हक्क राखून.

त्याच दमात त्यांनी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. कोर्टात जुना शिष्टाचार आहे: साक्षीदार खोटा आहे असं तुम्हाला म्हणायचं असेल, तर तो समोर बसलेला असताना तसं विचारायचं. तेव्हा गप्प बसून नंतर भाषणात आरोप करायचा नाही. लवादात हे दोन्ही बाजूंनी ठरवलं तरच बंधनकारक. साडूंनी ते पहिल्याच बैठकीत आदेशात लिहून घेतलं. शिवाय हेही, की साक्षीदार साक्षीला बसला की त्याच्या वकिलाने त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. “दोन्ही बाजूंना सारखंच,” ते मला म्हणाले. “विचारायचं तर तोंडावर. नाहीतर आरोप गेला.”

सुनावणीच्या आधी समोरून तडजोड आली. उशीर झाला हे अण्णांनी कबूल करावं, प्रमाणपत्रांचा विषय कंपनी गुपचूप सोडून देईल. माफी नाही, खुलासा नाही. साडूंनी अण्णांना बोलावून सरळ सांगितलं, “वकील म्हणून सांगतो, घ्या. पंचांचं काही सांगता येत नाही. उद्या आरोप शाबीत झाला तर कारखाना राहणार नाही.”

“अन् ते खोटं बोल्ले त्याचं काय?” अण्णा म्हणाले.

“ते हवेत विरून जाईल.”

अण्णांनी टेबलावरचं साडूंचं कार्ड उचललं, लांब धरून वाचलं. “वकीलसाहेब, लोक म्हणतात तुम्ही मुंबई लिहिली असती तर लय पुढं गेले असते. मग तुम्ही का नाय लिहिली?”

खाली गिरणी चालू होती. साडूंनी तडजोडीचं पत्र फाइलला लावलं आणि म्हणाले, “चहा घेणार?”

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये सुनावणी झाली. समोरच्या वकिलांचा लवाजमा चाकांच्या पेट्या ओढत आला. पेट्यांत रंगीत पाठींच्या फायली, आणि प्रत्येक रंगाचा एक वेगळा कनिष्ठ वकील. मुख्य वकील लंडनचे, उंच, अतिशय शालीन. हा माणूस शिव्या दिल्या तरी आधी ‘आपली हरकत नसेल तर’ म्हणेल असं वाटावं. आमच्या बाजूला साडू, मी, आणि साडूंचं लाकडी घड्याळ. अधिकृत घड्याळ पडद्यावर लावलेलं होतं, पण वीज गेली तर असावं म्हणून यांनी आपलं आणलं होतं. शेजारच्या हॉलमध्ये साखरपुडा होता. आणि पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. अण्णा बागेतल्या द्राक्षांच्या तीन पेट्या घेऊन आले आणि थेट पंचांच्या टेबलाकडे निघाले.

साडू आयुष्यात पहिल्यांदाच त्या दिवशी पळाले. “अण्णा! अहो, काय करताय? पंचांना भेट द्यायची नसते!”

“भेट कसली? पाव्हणे हायेत. इतक्या लांबून आलेत.”

“त्यांनी एक मणी जरी तोंडात टाकला तरी निकाल रद्द होईल!”

“एवढं आंबट नाय हो, वकीलसाहेब.”

शेवटी साडूंनी रीतसर निवेदन केलं. द्राक्षं हॉलच्या मधोमध, दोन्ही पक्षांपासून सारख्या अंतरावर ठेवण्यात आली, आणि कामकाजात नोंद झाली की दोन्ही बाजूंच्या संमतीने सर्वांनी द्राक्षं खावीत. अध्यक्षबाईंनी त्यांना आमच्या बाजूचा पुरावा म्हणून क्रमांक द्यायचा का, असं अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. साडू म्हणाले, हरकत नाही, पण गोडीबाबत हक्क राखून. बाईंच्या ओठांचा कोपरा हलल्याचं मी पाहिलं.

मग अण्णा साक्षीला बसले. लंडनच्या वकिलांनी उलटतपासणी सुरू केली. मुंबईहून आणलेले दुभाषे शुद्ध मराठीत प्रश्न सांगायचे, “सदर विलंबाचे कारण आपण विशद करावे,” आणि अण्णा म्हणायचे, “त्याचं आसं झालं साहेब,” आणि तिथून जी गोष्ट सुरू व्हायची ती पोलादाच्या ट्रकवरून घाटातल्या दरडीवर आणि दरडीवरून ड्रायव्हरच्या सासऱ्यावर जायची. मग दुभाषे तेवढंच सगळं इंग्रजीत सांगायचे. वकील अदबीने ऐकून घ्यायचे. वेळ त्यांचा जात होता. दुपारनंतर मला एक गोष्ट जाणवली: ते जोडांबद्दल विचारत होते, ट्रकबद्दल विचारत होते, बंदराबद्दल विचारत होते. प्रमाणपत्रांची निळी फाइल दोनदा उघडली आणि दोनदा मिटली. समोर टोपी मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याकडे ते पाहायचे आणि पुन्हा ट्रककडे वळायचे. संध्याकाळच्या सुमारास पडद्यावरचा त्यांचा आकडा शून्यावर आला. ते क्षणभर उभे राहिले. मग म्हणाले, “माझा वेळ संपला. धन्यवाद,” आणि बसले.

वेळ संपला म्हणून राहिलं की विचारवेना म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. पण तो प्रश्न राहिला होता, आणि नियमाप्रमाणे आरोप गेला होता. आता कोणी काही करायची गरजच नव्हती. टेबलाखाली मी साडूंच्या बुटावर बूट दाबला. जिंकलो होतो आम्ही.

साडू अण्णांकडे पाहत होते. बोलायला बंदी होती. ती त्यांनीच घालून घेतली होती. अण्णाही त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांना नियमबियम काही माहीत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावर एवढंच होतं की, झालं? हे इतक्या लांबून आले, आणि म्हणालेच नाहीत?

साडू उभे राहिले. “माझ्या विद्वान मित्रांचा एक प्रश्न राहिला आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “तो विचारायला त्यांनी आमच्या वेळेतली दहा मिनिटं घ्यावीत.”

शेजारच्या साखरपुड्यातलं गाणं नीट ऐकू येऊ लागलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “याचा परिणाम आपल्या लक्षात आहे ना?”

“आहे.”

“आपल्या पक्षकाराशी बोलायचं असेल तर—”

“मला त्यांच्याशी बोलता येत नाही. नियम आहे. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं आहे.”

बाईंनी वर्षभर यांची पत्रं वाचली होती. “आपले सर्व हक्क राखून, असं लिहून घेऊ?”

“नाही,” माझे साडू म्हणाले. “बिनशर्त.”

लंडनचे वकील उठले. या वेळी त्यांनी फाइल उघडली नाही. दुभाष्यांकडे न बघता, अण्णांकडेच बघत त्यांनी विचारलं की, ही प्रमाणपत्रं तुम्ही बनावट तयार केलीत असं माझ्या पक्षकाराचं म्हणणं आहे. हे खरं आहे का? दुभाष्यांनी ते विशद केलं.

अण्णांनी टोपी डोक्यावर घातली. “आता म्हणाले. बरं झालं,” ते म्हणाले. “नाय. खोटं नाय केलं. उशीर झाला तो आमच्यानीच झाला, उगाच दरडीवर काय घालायचं? चीर गेली तीबी आमच्याच जोडाला. माणूस धाडून भरून दिली. पण जोड तपासल्याबिगर मी कागद धाडला नाय. कधीच नाय.”

साडूंनी डोळे मिटले. वर्षभर त्यांनी घाटातल्या ज्या दरडीवर उशिराचा सगळा बचाव उभा केला होता, ती अण्णांनी एका वाक्यात बाजूला केली होती. लंडनचे वकील म्हणाले, “मला आणखी काही विचारायचं नाही. उरलेली मिनिटं आम्ही आभारपूर्वक परत करतो.”

निकाल यायला बरेच महिने लागले. उशिराच्या मुद्द्यावर अण्णा हरले, पुरते हरले. अंबडच्या दोन शेडपैकी एक विकावी लागली. प्रमाणपत्रांबद्दल पंचांनी लिहिलं की आरोप निराधार आहे आणि तो करायलाच नको होता; जो माणूस स्वतःच्या तोट्याचं इतकं सरळ सांगतो, तो या बाबतीतही खरंच सांगतो असं आम्ही मानतो. अण्णांनी मला ते वाक्य मराठीत करून मागितलं, आणि घरी जाऊन बायकोला वाचून दाखवलं. एका शेडमध्ये त्यांचं काम आजही चालू आहे.

मुंबईच्या मोठ्या वकिलांनी साडूंना फोनवर ऐकवायचं ते ऐकवलं. “जिंकलेला मुद्दा परत दिलात! उभे राहिला नसतात तर आरोपही गेला असता आणि तुमच्या पक्षकाराने उशीरही कबूल केला नसता. या धंद्यात असं करून कोण तुम्हाला काम देईल?” पुढे दोनतीन कामं खरोखरच आली नाहीत. मीही एकदा धीर करून विचारलं की, असं का केलंत. साडू उखडले. “म्हणजे काय? लोकांना सिंगापूर सोडून इथवर आणायचं, आणि ज्यासाठी आणलं ते न करताच परत पाठवायचं? आपल्याकडे पाहुण्यांना असं पाठवतात का?” मग जरा वेळाने, मी काहीच बोललेलो नसताना, पुन्हा म्हणाले, “आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा उठेन. लिहून ठेवा.” ते मी इथे लिहून ठेवलं आहे.

दर वर्षी हंगामात अण्णांची द्राक्षांची पेटी येते. प्रकरण संपल्यामुळे ती घ्यायला आता हरकत नाही. साडू ती तूर्त स्वीकारतात.

मागच्या हिवाळ्यात साडूंच्या छातीत दुखलं. नाशिकमध्येच इलाज झाला. मुंबईला हलवा म्हणणाऱ्या डॉक्टरांशी ते स्ट्रेचरवरून भांडले. आता बरे आहेत, पण कामं कमी केली आहेत. ऑफिसाखालची गिरणीही बंद झाली, तिथे मोबाइलचं दुकान आलंय. “आता माझं बोलणं फार स्पष्ट ऐकू जातं,” ते तक्रारीच्या सुरात म्हणतात. मी संध्याकाळी त्यांच्या घरी जातो. गॅलरीत आम्ही घड्याळ मध्ये ठेवून कशावरही भांडतो, राजकारण, सांबारातला गूळ, काहीही. पूर्वी यांचा वेळ माझ्या आधी संपायचा आणि ते निषेध नोंदवायचे. हल्ली उलट होतं. ते दोन वाक्यं बोलतात, कळ दाबतात आणि समोरच्या रस्त्याकडे बघत बसतात.

परवा असाच माझा वेळ संपला. मी ऐन मुद्द्यावर होतो. त्यांच्या तबकडीत अजून पुष्कळ वेळ शिल्लक होता. त्यांनी हात लांब करून माझ्या बाजूची कळ दाबली, आणि त्यांचा काटा टिकटिकत पळायला लागला.

“घ्या माझ्यातला,” ते म्हणाले.

“हक्क राखून?” मी विचारलं.

त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मला बोलायचं खूप होतं, पण मी त्या काट्याकडेच पाहत राहिलो. आतून ताई बघत होती.

“बोला की साडू,” ते म्हणाले. “वेळ माझा चाललाय.”